शून्याखालच्या दोन रेघा

एक चहा हवा असेल तर ते नुसतं "चहा" म्हणतात. दोन हवे असतील तर "दोन चहा". एक हा आकडा ते उच्चारत नाहीत. क्षच्या आधी एक लिहीत नाहीत, मग चहाच्या आधी कशाला, असं त्यांचं म्हणणं.

साखर नको असेल तर गप्प राहतात. शून्य असलेलं पद लिहायचं नसतं. चहा साखर घालून येतो. तो ते निमूट पितात.

"कसे आहात?" असं कुणी विचारलं तर ते उलट विचारतात, "कुणाला सांगायचंय?"

बोलताना मध्येच काही जास्तीचं सांगायचं असेल तर दोन्ही तळहात वाकवून तोंडाच्या दोन बाजूंना धरतात. सांगून झालं की हात खाली. फोनवर असले तरी. तेवढ्यापुरता फोन मानेत दाबून धरतात.

वहीच्या डाव्या कडेला उणे चिन्ह आलं तर ते पानच फाडतात आणि पुन्हा लिहायला घेतात.

रोज सकाळी दहाला ऑफिसातून घरी एक फोन. "बसले का?" एवढंच विचारतात. पलीकडचं उत्तर ऐकतात, फोन ठेवतात आणि मगच कामाला लागतात.

तळहातांच्या त्या सवयीमुळे ऑफिसात त्यांना कंसकाका म्हणतात. त्यांना ते नाव आवडतं.

आमचं ऑफिस सायकलदुरुस्तीच्या दुकानावर, दुसऱ्या मजल्यावर. आम्ही शाळांसाठी गणिताच्या उत्तरपुस्तिका काढतो. खालच्या मजल्यावर छपाईचं यंत्र आहे. ते सुरू झालं की आमच्या टेबलांवरची पेनं खिडकीच्या दिशेनं घरंगळतात. माणसं चार. मालकीणबाई, छपाईवाले, कंसकाका आणि मी. मी साहित्याची पदवीधर. जाहिरातीत "भाषेची जाण हवी" असं लिहिलं होतं. पुस्तिकेत भाषा असते मुखपृष्ठावर. आतली चाळीस पानं नुसतं गणित. ते तपासून प्रत्येक पानावर सही करायची, हे माझं काम.

पहिल्याच आठवड्यात मी विचारलं, "काका, तुम्ही नेमकं करता काय?"

"गणित लायब्ररी करते. मी तिला चारचौघांत जायचे कपडे घालतो."

लायब्ररी म्हटल्यावर मी कपाटाकडे बघितलं. ते हसले. ही लायब्ररी संगणकाच्या आत होती. तिला गणित अक्षरांसकट येतं. क्षचं मोल माहीत नसलं तरी ती क्षला सांभाळते, मिळवते, अवयव पाडते. फक्त उत्तर कागदावर कसं दिसावं हे तिला कळत नाही. ते कुणीतरी सांगावं लागतं. ते सांगणारे कंसकाका.

त्यांनी पडद्यावर "क्ष वजा एक" लिहिलं. मग म्हणाले, "हे बाहेरचं रूप. आता घरातलं बघ." आणि एक कळ दाबली. पडद्यावर आलं: बेरीज, क्ष, उणे एक.

"वजाबाकी कुठे गेली?"

"आत वजाबाकी नसतेच. उणे एक मिळवायचा असतो."

"आणि भागाकार?"

"तोही नाही. (उणे घाताचा गुणाकार असतो.)" हात वर, हात खाली.

"काका, मी वजाबाकीसाठी दोन वर्षं शिकवणीला जात होते."

"ती लोकांना दाखवायची पद्धत आहे, अगं. बिचाऱ्या शिकवणीवाल्यांनाही माहीत नसणार."

त्या दिवशी मी घरी जाऊन बराच वेळ नुसती बसून राहिले.

हळूहळू मला थोडं कळायला लागलं. आतली प्रत्येक वस्तू कुणाचं तरी पोर असते. शून्य हे पूर्णांकाचं पोर. पूर्णांक संख्येचं. संख्या ही पदावलीची. असं करत सगळे शेवटी एका आजोबांपाशी पोचतात. एखाद्या वस्तूला "स्वतःला छापून दाखव" म्हटलं की ती आधी बघते, आपली स्वतःची काही पद्धत आहे का. नसली तर बापाची वापरते. बापाची नसली तर आजोबांची.

"आणि स्वतःची असली तर?" मी विचारलं.

"तरी बाहेर पडताना आजोबांना विचारून जायचं. आपल्याकडे तशी शिस्त आहे. मीच लावलीय." मग हात वर गेले. "(एकटं शून्य तेवढं परस्पर जातं. त्याचा आकडा छपाईत ठिपक्यासारखा उमटायचा. छपाईवाले शाई सांडली समजून पुसायचे. म्हणून घाईघाईत त्याला अक्षरांत छापायची वेगळी पद्धत लिहिली. मागच्या दारानं.)"

या सगळ्या पद्धती ज्या फाइलमध्ये होत्या, तिचं नाव होतं "अण्णा". मालकीणबाईंना वाटायचं, ते कुठल्यातरी मोठ्या संस्थेचं नाव आहे. गिऱ्हाइकांना त्या सांगायच्या, "आमची मांडणी प्रमाणित असते हं."

अण्णा म्हणजे काकांचे वडील. गणिताचे निवृत्त शिक्षक. वय चौऱ्याऐंशी.

शाळेत पाचवी ते दहावी काका अण्णांच्याच वर्गात होते. पेपर पन्नास गुणांचा. काकांना दर वेळी साडेएकोणपन्नास. उत्तरं सगळी बरोबर. समासात लाल शाईनं एकच शब्द, "मांडणी". असे एकशे नऊ पेपर बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलेले आहेत. मी ते पाहिले आहेत. एकदा अण्णा तापानं पडले होते आणि पेपर दुसऱ्या शिक्षकांनी तपासला. त्यांनी पन्नासपैकी पन्नास दिले. काका पळत घरी आले. अण्णांनी पेपर मागून घेतला, उशीला टेकून उठून बसले आणि पुन्हा तपासला. साडेएकोणपन्नास.

"तुम्हाला राग नाही आला?" मी विचारलं होतं.

"ताप एकशे तीन होता गं त्यांना. तरी तपासला."

काका या कामाला लागले, पहिली पुस्तिका छापून घरी नेली आणि अण्णांनी ती न विचारताच तपासली. पन्नासपैकी साडेएकोणपन्नास. मात्र या वेळी त्यांनी कारण सांगितलं. भागाकाराची रेघ वरच्या आणि खालच्या संख्येपेक्षा थोडी लांब हवी. "छत्री माणसापेक्षा रुंद लागते की नाही?" काकांनी दुसऱ्या दिवशी तशी पद्धत लिहिली. पुढच्या पुस्तिकेला पुन्हा अर्धा गुण गेला. बरोबरची चिन्हं एकाखाली एक हवीत. मग पुढचा नियम. उणे चिन्ह डाव्या कडेला नको, कडेला उभा राहिलेला पडतो. मग पुढचा. तिसऱ्या थराचा कंस आला तर आधी उत्तर सोपं करून या, माझा वेळ घेऊ नका.

अकरा वर्षांत एकशे बारा पुस्तिका झाल्या. एकशे बारा वेळा अर्धा गुण गेला. फाइलमध्ये एकशे बारा नियम जमले.

काकांना आयुष्यात एकदा पन्नास हवे होते. बाकी त्यांची काही मागणी नव्हती. पगारवाढीचं पत्रसुद्धा ते दोन वर्षं टेबलाच्या खणात विसरले होते.

घरी काकू. त्या चष्म्याच्या दुकानात काम करतात. "आमच्याकडे लोक आरशात बघून म्हणतात, हा नको, दुसरा दाखवा," त्या मला म्हणाल्या. "चेहरा तोच असतो. यांचंही दुकान तेच. फक्त यांचं गिऱ्हाईक एकच आहे आणि ते अकरा वर्षं नाही म्हणतंय."

त्या गिऱ्हाइकाची एक खोड होती. अण्णा एकेक गोष्ट सोडत चालले होते. काकूंच्या सासूबाई गेल्यानंतर त्यांनी आधी फिरायला जाणं सोडलं. मग वर्तमानपत्र बंद केलं. मग शेजाऱ्यांना बुद्धिबळाचा पट देऊन टाकला, त्यावरचा डाव अर्धवट होता. प्रत्येक वेळी म्हणायचे, "चला, यातूनही मोकळा झालो." उरलं होतं ते लाल पेन. सकाळी दहाला ते दाढी करून, स्वच्छ सदरा घालून टेबलाशी बसायचे आणि पेनाचं टोपण काढायचे. तपासायला कागद नसेल त्या दिवशी दाढी नाही. आणि कधीकधी उठणंही नाही.

काकांच्या दहाच्या फोनचा अर्थ मला तेव्हा कळला.

मागच्या वर्षी अण्णांना मोतीबिंदू झाला. आधी उजव्या डोळ्याला, मग डाव्या. पेनाची रेघ कागद सोडून टेबलावर जायला लागली. काकूंनी मला तेव्हा एकदा जेवायला बोलावलं होतं, म्हणून पुढचं मी कानांनी ऐकलं.

"अहो, आत्ता द्या ना कागद," काकू हळूच म्हणाल्या. "त्यांना क्ष आणि खिडकी सारखीच दिसतेय. देऊन टाकतील पन्नास."

"मग ते गुण नाहीत."

"मग काय आहेत?"

"(मोतीबिंदू आहे.)"

"ते हात खाली घ्या आधी. आमटी सांडेल."

शस्त्रक्रिया काकांनीच ठरवली. त्यांच्यासाठी तो शुद्ध तोटा होता. वॉर्डमध्ये सहा खाटा होत्या. अण्णांची खिडकीकडची. दोन्ही डोळे एकदमच उरकायचा त्यांचा हट्ट, म्हणून दोन्हींवर पट्टी. मी नव्या पुस्तिकेचे कागद घेऊन गेले होते, कारण यंत्र त्याच दुपारी मोकळं होतं आणि मालकीणबाईंचे फोनवर फोन चालले होते.

अण्णांनी पट्टीआडून विचारलं, "कोण आलंय?"

"ऑफिसातली आहे, अण्णा. मुद्रितं तपासते," काका म्हणाले.

"गणित येतं का तिला?"

"साहित्याची आहे."

"हं. मग प्रामाणिक असेल. बसा." मग ते म्हणाले, "अरे, ऐक. पट्टी निघाली की मी एक पुस्तिका बघणार. ही शेवटची. पन्नास मिळाले की पेन ठेवलं. मग मी सगळ्यातूनच मोकळा."

काकांनी अण्णांच्या पायांवरचं पांघरूण सरळ केलं.

"एकच नियम राहिलाय. एकशे तेरावा. तो झाला की माझे नियम संपले."

"कुठला?"

"अंतिम उत्तराखाली दोन रेघा. तू कधी मारल्या नाहीस. शाळेत सहा वर्षं तुझा अर्धा गुण त्याचाच जात होता."

शेजारच्या खाटेवरचा माणूससुद्धा वळून बघायला लागला. काकांचा चेहरा कोऱ्या कागदासारखा झाला.

"अण्णा, तुम्ही कधी सांगितलं नाहीत."

"सांगायला लागतं?"

"अकरा वर्षांत बाकीचे एकशे बारा सांगितलेत की."

"क्रमानं घ्यायचं असतं. दोन रेघा सगळ्यात शेवटी मारतात. मग नियमही शेवटीच येणार."

काका लॅपटॉप घेऊन बाहेर व्हरांड्यात गेले. भिंतीला टेकून जमिनीवर बसले. शेजारून औषधांची ढकलगाडी गेली की पाय आखडून घ्यायचे. पाच-सात ओळी लिहिल्या आणि पुस्तिका तशीच ऑफिसात छपाईला पाठवली.

"काका, एकदा बघायचं नाही?"

"अण्णांच्या आधी मी नाही बघणार. (तू बघ. तुझी सही लागते.)"

मी ऑफिसात जाऊन पानं पाहिली.

पानांवर रेघा होत्या. क्षखाली दोन. दोनच्या आकड्याखाली दोन. त्या दोघांचा गुणाकार झाला की गुणाकाराखाली आणखी दोन. बेरीज झाली की तिच्याखाली आणखी दोन. लांब पदावली आली की खाली रेघांचा थरावर थर, कंगव्यासारखा. काही पानांत गणित वर तरंगत होतं आणि खाली अर्धा हात नुसत्या रेघा.

छपाईवाले माझ्या मागे उभे होते. "बाई, हे असंच असतंय का?"

मी विचार केला. ज्या विषयात वजाबाकी मुळात नसतेच, त्यात हे का नसावं?

"गणित आहे," मी म्हणाले.

"मग बरोबर."

मी चाळीस पानांवर चाळीस सह्या केल्या. तीन हजार प्रती छापल्या गेल्या. काकांनी पहिली प्रत न उघडता, पाकिटात बंद करून घरी नेली.

आठवड्यानं अण्णांची पट्टी निघाली आणि दुसऱ्या दिवशी पुस्तिका शाळांत पोचल्या. पावणेदहाला पहिला फोन आला. अकरापर्यंत मालकीणबाईंनी दोन्ही फोन उचलून कानाला लावले होते. एका शाळेनं विचारलं, ही पुस्तिका संगीताची आहे का. एका मुख्याध्यापकांनी ती सुलेखनाची वही समजून आणखी दोनशे मागवल्या. मालकीणबाईंनी त्यांची मागणी तेवढी नीट लिहून घेतली. मग त्या आमच्या खोलीत आल्या.

"हे काय आहे?"

काकांनी पान हातात घेतलं. ते पहिल्यांदाच बघत होते.

"आजोबा," ते म्हणाले.

"कोणाचे?"

"दोन रेघांची पद्धत मी चुकून आजोबांच्या अंगात घातली. उत्तर पूर्ण झाल्यावर शेवटच्या दारात मारायच्या होत्या. आता बाहेर पडणारं प्रत्येक पोर आजोबांकडून दोन रेघा मारून घेतंय."

मालकीणबाई माझ्याकडे वळल्या. "आणि तू सह्या केल्यास?"

"मला वाटलं, जोर द्यायचा असेल."

"चाळीस पानं जोर?" त्या खुर्चीत बसल्या. "आजोबा-बिजोबा मला काही सांगू नका. उद्या सगळ्या रेघा गेल्या पाहिजेत. आणि तुम्ही दोघं आत्ता माझ्यासमोरून जा."

काकांनी फाइल उघडली. आजोबांमधल्या ओळी काढून दारात ठेवल्या. चार मिनिटं लागली. मग घड्याळाकडे बघितलं. सव्वाअकरा. दहाचा फोन राहून गेला होता.

"अण्णांनी पाकीट फोडलं असेल," ते म्हणाले.

आम्ही जिन्यावरून पळत उतरलो. बावन्न वर्षांचा माणूस मी इतका जोरात पळताना पाहिला नव्हता. रिक्षात ते म्हणाले, "अर्धा नाही गं, आता पाच-सहा गुण जाणार." वाटेत एकदा हात वर गेले, पण कंसात काही आलंच नाही.

अण्णा टेबलाशी होते. दाढी केलेली, स्वच्छ सदरा, नव्या डोळ्यांवर काळा चष्मा. पाचवं पान चालू होतं. काकू दारात उभ्या होत्या, दुकानाची पिशवी खांद्याला लावून. निघायचं होतं, निघता आलं नव्हतं.

"अण्णा, एक चूक..." काकांनी सुरुवात केली.

"तपासताना बोलायचं नाही."

"पण त्या रेघा..."

"बघतोय मी. वर्गाबाहेर उभा राहा."

आम्ही तिघं स्वयंपाकघरात जाऊन उभे राहिलो. तपासणी चार दिवस चालली. काका रोज रजा टाकत होते. मालकीणबाईंनी मला बोलावलंच नव्हतं, म्हणून मीही रोज दहाला तिथे जात होते. भिंतीपलीकडे पान उलटल्याचा आवाज यायचा. पेन टेकल्याचा आला की काका डोळे मिटायचे.

"अहो, बरोबरच्या खुणा करत असतील," काकू म्हणायच्या.

"बरोबरची खूण दोन आवाजांची असते. हा एकच होता."

"मेली ती पद्धत! श्वास तरी घ्या."

चौथ्या दिवशी साडेबाराला अण्णांनी हाक मारली. आम्ही आत गेलो. पुस्तिका मिटलेली. तिच्यावर पेन आडवं.

"रेघा जरा जास्त आहेत," अण्णा म्हणाले.

काका मान खाली घालून उभे होते.

"पण तुला शिस्त लागली. क्षखाली आहेत, दोनखाली आहेत, कंसाखाली आहेत. आधी वाटलं, हे काय. मग वाटलं, का नको? क्षपुरतं बघितलं तर क्ष हेच अंतिम उत्तर आहे. कुणाला कमी लेखलं नाहीस. मला हे कधी सुचलं नव्हतं."

काकांनी मान वर केली. माझ्याकडे बघितलं. मी काकूंकडे बघितलं. काकूंनी पदराचं टोक तोंडात धरलं होतं.

"म्हणजे पन्नास?" काकांचा आवाज पाचवीतल्या मुलाचा होता.

"साडेएकोणपन्नास."

"कुठे गेला अर्धा?"

अण्णांनी पुस्तिका उघडली. सत्ताविसावं पान. गणिताचं उत्तर आलं होतं "शून्य", अक्षरांत. त्याच्याखाली काही नव्हतं. कोरं.

"सगळ्यांना दिल्यास. मग शून्यानं काय घोडं मारलंय तुझं?"

काका त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. मला एकदम आठवलं. मागचं दार. शून्य आजोबांना न विचारता जातं.

"बरोबर आहे, अण्णा."

"चूक छोटी आहे. दुरुस्त करून आण. एवढं एक पान बघेन, पन्नास देईन आणि पेन ठेवीन. तोवर थांबतो." त्यांनी पेनाला टोपण लावलं. लावून टेबलावर ठेवलं, खणात नाही. "किती वेळ लागेल?"

हे उत्तर मला माहीत होतं. शून्याच्या पद्धतीत दोन ओळी. मी असं काम शेजारी बसून शेकडो वेळा पाहिलेलं होतं. पाच मिनिटंसुद्धा जास्त झाली असती.

काका अण्णांच्या सदऱ्याकडे बघत होते. इस्त्री केलेला होता. गालावर ब्लेडची एक बारीक चीर होती, साबण लागलेली.

"अवघड आहे जरा," काका म्हणाले.

"असू दे. घाई करू नकोस. घाईत मांडणी बिघडते."

याला आता आठ महिने झाले.

मालकीणबाईंनी आम्हाला ठेवलं. सुलेखनाच्या वहीला मागणी आली, ते त्याचं खरं कारण. जुनी रेघांची फाइल त्या वहीसाठी वेगळी ठेवली आहे आणि तिचंही नाव अण्णाच आहे. पुस्तिका आता साध्या येतात. अंतिम उत्तराखाली दोन रेघा, बस्स.

अण्णा रोज दहाला दाढी करून टेबलाशी बसतात. जेवणं वेळेवर आहेत. मागच्या महिन्यात शेजाऱ्यांकडून बुद्धिबळाचा पट परत मागवला, नुसतं बसून काय करायचं म्हणून. डाव जिथे थांबला होता तिथूनच सुरू केला. दोघांनाही सोंगट्यांच्या जागा पाठ होत्या. त्यावरून भांडण मात्र झालं.

"दोन ओळींचं काम आहे म्हणे," काकू मला एकदा म्हणाल्या. त्या भांडी पुसत होत्या. "आठ महिने चाललंय यांचं. मी विचारत नाही हं. तूही विचारू नकोस."

मी विचारलं नाही. पण परवा काका खाली छपाईवाल्यांकडे गेले होते आणि त्यांच्या पडद्यावर ती फाइल उघडी होती. मी खुर्ची सरकवून बघितलं. एकशे तेरा नियम, प्रत्येकाच्या डोक्यावर तारीख. सगळ्यात खाली एक ओळ होती, "शून्याची पद्धत, अण्णांसाठी". तिच्याखाली संगणकाला कळणारा एकच शब्द होता. पद्धत अगदी रिकामी सोडली तर तो कुरकुर करतो, म्हणून घालतात तो. त्याचा अर्थ, इथे काही नाही, पुढे चल.

काय लिहायला हवं ते मला येत होतं. मी बोटं कळांवर ठेवलीसुद्धा.

"अगं अगं," मागून आवाज आला. काका जिन्यातून आले होते, धापा टाकत. त्यांनी माझा हात बाजूला केला नाही. नुसते तळहात वाकवून तोंडाशी धरले.

"(ते माझं काम आहे. चालू आहे.)"

मी खुर्ची मागे घेतली. खाली यंत्र सुरू झालं. आमची पेनं खिडकीकडे निघाली. काकांनी त्यांचं पेन तळहातानं अडवलं आणि दुसऱ्या हातानं घरी फोन लावला.

"बसले का?"

पलीकडून काकू काहीतरी म्हणाल्या. काका ऐकत होते.

"होत आलंय म्हणावं," ते म्हणाले आणि फाइल, होती तशी, बंद केली.